दगडापर्यंत

आमच्या गावात रविवारी घरात सापडलेला माणूस एक तर आजारी असतो, नाहीतर शहरातून आलेला. बाकी सगळे डोंगरावर. हालवारच्या घरात तर आजारपणालाही सूट नव्हती. "ताप डोक्यात आहे ना? पायांत तर नाही?" असं विचारून त्याने पोरांना क्रोकनिपावर नेल्याचं लोक अजून सांगतात. थोडं तिखटमीठ लावून सांगतात, पण अगदीच खोटं नाही.

क्रोकनिपा काही मोठा डोंगर नव्हे. खाडीच्या काठापासून दीड तासाची चढण. माथ्यावर एका लाकडी खांबाला पत्र्याची डबी, डबीत वही, वहीला दोरीने बांधलेली पेन्सिल. वर पोचलं की आपलं नाव लिहायचं. नोव्हेंबर संपला की क्रीडामंडळ वही खाली आणतं, आणि ज्याचं नाव वर्षभरात चाळीस वेळा आलं त्याला नाताळच्या कार्यक्रमात एक मग देतं. साधा पांढरा मग, त्यावर त्या वर्षाचा आकडा. पण त्या मगापायी इथली भलीभली माणसं पावसापाण्यात तंगडतोड करतात, आणि शेजाऱ्याचे किती झाले यावर डोळा ठेवून असतात.

हालवारच्या स्वयंपाकघरात भिंतीवर अशा मगांच्या चार रांगा होत्या. त्याची, बायकोची, मुलगा एस्पेनची आणि धाकट्या योरूनची. योरूनच्या रांगेत एक हूक रिकामा होता. एकोणीसशे शहाऐंशीचा. त्या हुकाला हालवारने इतक्या वर्षांत दुसरं काहीही अडकवलं नव्हतं, गाळणीसुद्धा नाही. योरून आता चव्वेचाळीस वर्षांची झाली होती, शहरात एका शाळेची मुख्याध्यापिका होती, तिच्या धाकाने मोठमोठी मुलं सरळ चालत. तरी बापाच्या घरी आली की तिची नजर आधी त्या हुकावर जायची.

सप्टेंबरातल्या एका रविवारी ती आपल्या मुलीला, आठ वर्षांच्या तीरिलला घेऊन आली तेव्हा हालवार दारातच बूट घालून उभा होता. पाठीवर ती जुनी हिरवी पिशवी, हातात काठी.

"बाबा, कुठे निघालास?"

"कुठे म्हणजे? रविवार आहे."

"खुब्याचं ऑपरेशन होऊन पाच महिने झालेत. डॉक्टरांनी सपाटीवर चालायला सांगितलंय."

"क्रोकनिपा मधे मधे सपाटच आहे," हालवार म्हणाला. मग जरा आवाज उतरवून बोलला, "एकदाच जाऊ दे ग. या वर्षीच्या वहीत माझं नाव एकदाही नाही. पन्नास वर्षांत असं झालं नाही. एवढं एक नाव लिहून येतो, मग तू म्हणशील तिथे बसतो."

एकोणऐंशी वर्षांच्या माणसाला नाही कसं म्हणायचं? आणि म्हटलं असतं तरी तो तिची पाठ वळताच एकटा निघाला असता. तिघेही निघाले.

बर्चच्या झाडांची पानं पिवळी पडली होती. वाटेत निळ्या बेरी शेवटच्या, सुरकुतलेल्या, पण गोड लागत होत्या. तीरिलची जीभ निळी झाली आणि पहिल्या अर्ध्या तासात तिने सात वेळा विचारलं, "अजून किती राहिलंय?"

"ते वळण दिसतंय ना? त्याच्या मागे," हालवार म्हणाला.

योरूनला हसू आवरेना. हालवार उभ्या आयुष्यात एकच खोटं बोलत आला होता, ते हे. बाकी माणूस सुतासारखा सरळ. त्या वळणामागे दुसरं वळण असायचं, त्याच्यामागे तिसरं, आणि लहानपणी योरून प्रत्येक वेळी नव्याने फसायची. पुढे बापाची ती पाठ, त्यावर हलणारी हीच हिरवी पिशवी, तिच्यात मेणकागदात गुंडाळलेले पाव आणि तपकिरी चीज, थर्मासमध्ये कोको. एस्पेन मुद्दाम काटक्या मोडत चालायचा, आई मागून गाणं म्हणत यायची. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. ओल्या शेवाळ्याचा वास आला आणि योरूनला ती इतकी आठवली, की तिने उगाचच बुटाची नाडी बांधायला घेतली.

झाडं संपली तिथे तो दगड होता. सपाट, गाडीएवढा. तिथून माथा समोर दिसतो, पंधरा मिनिटांची उभी चढण. डबीचा खांबही दिसतो, नखाएवढा. हालवार दगडाला टेकला. मग बसला. पुन्हा उठायला म्हणून त्याने काठी रोवली, आणि त्याचा चेहरा पांढरा पडला.

"बाबा, राहू दे."

"पाच मिनिटं."

पाचाची पंधरा झाली. त्याने दोनदा उठून पाहिलं. दुसऱ्या वेळी चार पावलं गेला आणि मुकाट्याने परत आला. त्याच्याकडे बघवेना.

"मी लिहिते ना तुझं नाव," तीरिल म्हणाली. "मला छान येतं लिहायला."

"नाही." हालवार एकदम ताठ झाला. "आपलं नाव आपल्या हाताने लिहायचं. दुसऱ्याने कुणाचं लिहायचं नाही. आणि पोचल्याशिवाय तर नाहीच नाही."

"मग मी एकटी जाऊन माझं लिहून येते." कुणी हो म्हणायच्या आत ती सुटलीसुद्धा. मघापासून 'अजून किती' म्हणून कुरकुरणारे पाय ते हेच का, असं योरूनला वाटलं.

दोघं दगडावर उरले. या दगडावर योरून छत्तीस वर्षांत बसली नव्हती. शहाऐंशीच्या नोव्हेंबरातला शेवटचा रविवार. जमीन गोठून कडक झाली होती, तिचे मोजे ओले होते, आणि ती इथे फतकल मारून बसली होती, येणार नाही म्हणून. बापाने एकदा विचारलं, दोनदा विचारलं. मग "बस मग," म्हणाला आणि आईला आणि एस्पेनला घेऊन वर गेला. वर एस्पेन बहिणीचं नाव लिहायला निघाला तर बापाने त्याचा हात धरला. हे एस्पेननेच तिला नंतर सांगितलं. नाताळात कळलं, तिच्या नावावर एकोणचाळीस.

"तुला माहीत होतं?" तिने आता विचारलं. काय ते सांगावं लागलं नाही.

"होतं."

"एकच राहिलंय हे मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू मगासाठी चढली असतीस."

"हो, मगासाठी चढले असते! आठ वर्षांची होते मी, बाबा. आठ वर्षांची पोरं मगासाठीच चढतात!"

मुख्याध्यापिकेचा आवाज अख्ख्या डोंगरात गेला. खालच्या उतारावर एका मेंढीने मान वर केली. हालवार काठीच्या टोकाने शेवाळं उकरायला लागला.

"वरून तुझी लाल टोपी दिसत होती," तो म्हणाला. "माझ्या घशाखाली घास उतरेना. मी तुला हात केला. तू पाहिलंस आणि तोंड फिरवलंस."

"मला दिसलंच नव्हतं."

"दिसलं होतं."

"हो," योरून म्हणाली. "दिसलं होतं."

"मग मलाही राग आला. मी लगेच हात खाली केला." त्याने नाक ओढलं. "जरा वेळ वर ठेवायला हवा होता."

योरूनच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने ते पुसलंही नाही. तिला वाटायचं, हा माणूस ते सगळं केव्हाच विसरला असेल. आणि तो तर छत्तीस वर्षं रोज सकाळी त्या रिकाम्या हुकासमोर कॉफी पीत होता.

एवढ्यात वरून दगडगोटे घरंगळले आणि पाठोपाठ तीरिल आली, एक हात पोटाशी घट्ट धरून. धापा टाकत तिने जॅकेटची चेन उघडली आणि आतून वही काढली. दोरी, पेन्सिल, सगळ्यासकट.

"आजोबा, तू वहीपर्यंत जाऊ शकत नाहीस ना? मग मी वहीच आणली!"

आता इथल्या माणसाला विचाराल तर चर्चमधली घंटा काढून आणणं यापेक्षा बरं. वही नोव्हेंबरापर्यंत माथ्यावरून हलत नाही. मागून कुणी वर गेलं आणि डबी रिकामी दिसली, तर संध्याकाळपर्यंत गावभर बोंब. योरूनने डोळे मिटून घेतले. हालवारचं तोंड उघडंच राहिलं.

"अग पोरी," तो शेवटी म्हणाला, "वही खाली आली म्हणून डोंगर खाली आला का?"

"नाही," तीरिल म्हणाली. तिचा चेहरा उतरत चालला होता. "पण तू आलास ना इथपर्यंत. तेवढं तरी लिही. शाळेत बाई म्हणतात, अर्धं गणित सोडवलं तरी दाखवायचं."

हालवारने वही मांडीवर घेतली. तिच्यावरून हात फिरवला. पानं ओलसर होती, कुणाच्या तरी कोकोचा डाग होता. मग त्याने सावकाश तारीख घातली आणि त्याच्या त्या सुताराने आखल्यासारख्या, उभ्या अक्षरांत लिहिलं: *हालवार. दगडापर्यंत.*

खरं तेवढंच लिहिलं. पण लिहिलं.

मग त्याने पेन्सिल योरूनसमोर धरली.

"मी वर जाऊन लिहीन, बाबा. वही आता मलाच न्यायचीय."

"आजचं नव्हे," तो म्हणाला. "तेव्हाचं लिही. तुझ्या हाताने."

योरूनने लिहिलं: *योरून, वय आठ. दगडापर्यंत.* शेजारी शहाऐंशी साल घातलं. तीरिल खांद्यावरून वाचत होती. "आई, तू आठ वर्षांची नाहीयेस," ती म्हणाली.

"मी पुन्हा चढणार नाही हं," तीरिलने आधीच जाहीर केलं आणि आजोबाच्या पिशवीत हात घालून पाव शोधायला लागली.

योरून एकटीच निघाली, वही पोटाशी धरून. वाटेत कुणी भेटलं नाही, तेवढी अब्रू वाचली. वर वारा होता. खाडी खाली राखाडी पसरली होती आणि फेरीबोट पलीकडे निघाली होती. पानावर तीरिलचं आजचं नाव होतं, मोठ्या वाकड्या अक्षरांत. शेवटी योरूनने आपलं लिहिलं, वही डबीत ठेवली, झाकण दाबून बसवलं. मग ती उताराच्या कडेला आली.

खाली दगडावर दोन टोप्या दिसत होत्या. एक पिवळी, एक करडी. तिने हात वर केला.

पिवळी टोपी उड्या मारायला लागली. करड्या टोपीने वर पाहिलं, चांगलं निरखून पाहिलं, आणि हाताची घडी घालून, फुरंगटलेल्या पोरासारखं, मुद्दाम तोंड फिरवलं.

योरून खदखदून हसली. हसता हसता रडली. वाऱ्याने डोळे झोंबत होते, खांदा भरून आला, तरी तिने हात खाली घेतला नाही. तीरिल आजोबाची बाही ओढत होती. बराच वेळ गेला. मग खाली, दगडावरून, त्याची काठी हळूहळू वर आली.