मावशीची अंडी आणि रेमेदियोसचं कुलूप

सोचिमिल्को गावाच्या कालव्यांत एपिफानियोसारखा अस्वस्थ माणूस दुसरा झाला नाही. तो बसला की होडी आपली आपणच गोल फिरायची. त्याच्या येरझाऱ्यांनी मळ्याचा काठ वीतभर खचला होता. खोटं वाटत असेल तर बदकांना विचारा.

सगळी घालमेल खोपटातल्या काचेच्या टाकीपायी. तिथे 'मावशी' राहायची. गळ्याभोवती पिसांसारखे कल्ले आणि तोंडावर कायमचं हसू, अशी म्हातारी सॅलॅमँडर, म्हणजे पाण्यातली पालच म्हणा. एपिफानियोच्या बापाने कालव्यातून धरलेल्या वाणातली ही शेवटची मादी. या थंडीत तिने अंडी घातली तर ठीक, नाहीतर वाण बुडालाच. जोडीला नर होता 'वकीलसाहेब', पोटाने गोल आणि कामाला आळशी.

पाणी गार झाल्याशिवाय या जातीला संसार सुचत नाही. म्हणून एपिफानियो बर्फगोळेवाल्याकडचा बर्फ पिशवीत बांधून टाकीत सोडायचा आणि मग घडोघडी बॅटरीचा झोत टाकून डोकावायचा.

"अहो, नवरानवरीच्या खोलीत सासरा कंदील धरून उभा राहिला तर काय होणार?" बायको रेमेदियोस म्हणाली.

कांदेलारियाच्या सणाला सकाळीच तिने खोपटाला कुलूप अडकवलं आणि किल्ली पोलक्यात टाकली. "कुलपाला हात लावणार नाही म्हणा. बाळाची शपथ."

बाळ म्हणजे नीन्योपा, गावाचा लाकडी बाळयेशू. त्याची शपथ मोडायची सोचिमिल्कोत कुणाची छाती नाही. एपिफानियोने शपथ घेतली आणि रेमेदियोस बाळाच्या मिरवणुकीत नाचायला गेली.

फटीला डोळा लावू नये, असं काही शपथेत नव्हतं. त्याने लावला. आत मावशी मागच्या पायांनी पाणवनस्पती कवटाळून अंडी चिकटवत होती. तेवढ्यात मागून वकीलसाहेब आले आणि त्यांनी एक अंडं गिळलं. मग दुसरं.

एपिफानियोने होडी अशी हाणली की तिच्यामागे कालवा कोरडा पडला म्हणतात.

मिरवणुकीत रेमेदियोस बाळाच्या पुढ्यात उलट्या पावलांनी नाचत होती.

"किल्ली दे! वकील पोरं खातोय."

"बाळाला पाठ दाखवून मी थांबणार नाही. बोलायचं तर नाचत बोला."

तो नाचू लागला. पायाला मुळात भिंगरी, त्यात जीव टांगणीला. असा नाचला की बँडवाले धापा टाकू लागले.

"छान नाचताय की," ती म्हणाली. "लग्नात का नाही नाचलात?"

"रेमे, हात जोडतो. किल्ली."

"किल्ली नुसती नावाला. कुलूप मोडकंय. नुसतं ओढलंत तरी निघेल."

"आणि शपथ?"

"मी घातलेली, मीच सोडवली. बाळ ऐकतोय समोर. पळा."

कुलूप बोटाच्या धक्क्याने गळून पडलं. टाकीत वकीलसाहेब बिशपसारखं पोट घेऊन सुस्त पडले होते. पानं सगळी साफ. फक्त मागच्या कोपऱ्यात एक फांदी उरली होती, आणि तिच्यावर मावशी वेटोळं करून बसलेली. त्याने तिला अलगद बाजूला केलं. खाली काळ्या ठिपक्यांची मूठभर अंडी.

ती फांदी त्याने अंड्यांसकट पाण्याच्या बादलीत सोडली.

संध्याकाळी रेमेदियोस सणाचे, मक्याच्या पिठाचे उकडलेले तमाल घेऊन आली, तर हा बादलीवर बॅटरी धरून उभा.

"वाचली का?"

"मूठभर. वाण टिकला."

"उद्या चांगलं कुलूप आणते."

"बादलीला कुलूप कुठे लावणार?"

"बादलीला नाही, तुम्हाला."