हिरामावशीच्या टाचेतला काटा

सळई लाल झाली तेव्हा चिंचणीच्या किनाऱ्यावर, बोंबील वाळत घातलेल्या बांबूंच्या दोन वलांडींमधल्या मोकळ्या जागेत, दीडदोनशे माणसं श्वास रोखून उभी होती. अंगारबापूंनी ती सळई शेगडीतून उचलली आणि नामदेवच्या उजव्या पायाच्या तळव्यावर टेकवली. चर्र झालं. धूर निघाला. भाजल्या कातडीचा वास वाळत्या बोंबलांच्या वासाला पुरून उरला. आणि नामदेव? तो खुर्चीत बसून पान चघळत होता.

"दुखलं का, बाळा?" बापूंनी विचारलं. हा बाळ साठीच्या घरातला होता.

"नाय, बापू. कायच नाय."

"ऐका रे ऐका! जिथे विष, तिथे वेदना नाही! अग्नी विषाला खातो, माणसाला शिवत नाही! बोला, अंगारमाउलीचा..."

"जय!" गर्दी उसळली. एका बाईच्या अंगात आलं, तिला आवरायला तिघी लागल्या. चेल्यानं टोपली फिरवली. बापू पैशाला हात लावत नसत. त्यांना फक्त पापलेट चालायचं, जोडीनं, आणि दोन्ही मोठी असली तर माउली लवकर प्रसन्न व्हायची.

सपनानं स्कूटी उभी करता करता हे पाहिलं. ती याच गावची पोर, बोईसरच्या हॉस्पिटलात नर्स. ज्या गोळीचं विष बापू जाळत होते, ती गोळी या लोकांना देणारी तीच होती.

हॉस्पिटलात मधुमेहींवर एका नव्या औषधाची चाचणी चालली होती. साखरेनं ज्यांचे पाय बधिर झालेत, त्यांच्या पायांत पुन्हा जाणीव येते का, एवढंच पाहायचं होतं. सपनानं गावातले चौदा जण गोळा केले, दर महिन्याला त्यांना रिक्षानं नेलं, आणलं. मग ऐन मध्यावर चाचणी थांबली. हॉस्पिटलनं प्रत्येकासाठी एक चिठ्ठी दिली: 'सदर अभ्यास मुदतीपूर्वी समाप्त करण्यात आला आहे. आपल्या सहभागाबद्दल आभार.' सपनाला दुसरी ड्युटी होती. तिनं चौदा घरी चौदा चिठ्ठ्या टाकल्या आणि निघून गेली.

गाव ती चिठ्ठी वाचून वाचून थकलं. औषध चांगलं होतं तर थांबवलं का? म्हणजे वाईट होतं! कुणीतरी मेलं असणार, ते लपवताहेत! आठ दिवसांत ती गोळी विषाची झाली आणि पंधराव्या दिवशी अंगारबापू शेगडी घेऊन हजर झाले. त्यांनी पहिलं काम केलं ते इन्सुलिन बंद करण्याचं. 'सुईनं विष खोल जातं' म्हणे.

आता खुर्चीत हिरामावशी बसली होती, सपनाच्या आईची सख्खी बहीण. तिचा पाय स्टुलावर होता आणि सळई पुन्हा तापत होती. मावशीचा मुलगा कुंदन तिचे खांदे धरून उभा होता.

सपना धावली. गर्दी कोपरानं फाडत ती पुढं घुसली आणि तिनं शेगडीला सणसणीत लाथ घातली. निखारे वाळूवर उधळले. दोघातिघांचे पाय पोळले, बायका किंचाळल्या.

"हीच ती!" बापू ओरडले. "विष देणारी! बघा, अग्नीला भ्याली!"

मग जे व्हायचं ते झालं. कुणीतरी तिची वेणी धरून मागं खेचली. कमळीनं, जिच्या बाळंतपणात सपना रात्रभर उशाशी बसली होती, त्याच कमळीनं तिच्या तोंडावर मासळीची टोपली हाणली. ओठ फाटला. कुंदन पुढं आला.

"किती खाल्लंस गो औषधवाल्या कंपनीचं? माझी आय मारायला निघालीस?"

"कुंदन, ऐक..."

त्यानं ऐकलं नाही. त्याची थप्पड अशी बसली की तिला एका कानानं ऐकूच येईना. पाठीत लाथ बसली, मग बरगडीत. ती तोंडावर आपटली ती थेट हिरामावशीच्या स्टुलापाशी. तोंडात वाळू, रक्त, एक डोळा मिटलेला. उघड्या डोळ्यासमोर हातभर अंतरावर मावशीचा तळवा होता.

टाचेत काहीतरी काळं रुतलं होतं. भोवती पिवळट सूज होती.

सपना लाथा विसरली. तिनं मावशीचा पाय डाव्या हातानं घट्ट धरला, उजव्या हाताची नखं त्या काळ्या टोकाला लावली आणि ओढलं. आधी पू आला, मग काळं रक्त, मग तो आला. बोटाच्या पेराएवढा, दोन्ही कडांना करवतीसारखे दात असलेला. तिनं तो वर धरला.

"बघा! बघा रे हे काय हाय!"

सगळ्यात आधी लाथ मारणारा थांबला. मग बाकीचे. त्या किनाऱ्यावर असं एकही माणूस नव्हतं ज्याला तो ओळखता येणार नाही. शिंगाळ्याचा काटा. जाळ्यातून शिंगाळा काढताना तो नुसता ओरखडला तरी भलेभले तांडेल होडीत लोळण घेतात आणि आईच्या नावानं रडतात. पुरा रुतलेला काटा घेऊन कुणी पाऊलभर चालल्याचं गावानं ऐकलं नव्हतं.

त्या शांततेत हिरामावशी म्हणाली, "काय झालं गो? सगले गप का झाले?"

कुंदननं वाकून ती जखम पाहिली. "आये, तुला दुखलं नाय?"

"काय दुखायचं? तिनं पाय धरलान काय माझा?"

"मावशे," सपनानं रक्त थुंकत विचारलं, "शिंगाळे कधी निवडलेस?"

"सोमवारी. का गो?"

त्या दिवशी शनिवार होता. पाच दिवस ती त्या काट्यावर उभी राहून बर्फ फोडत होती, मासळी विकत होती, देवळात जाऊन आली होती.

"साहजिक आहे!" बापूंनी संधी साधली. "विषानेच तर..."

"साखरेनं!" सपना उठून बसली. "साखर वाढली की पायाच्या नसा मरतात. मग काटा कळत नाही, निखारा कळत नाही. कातडं मात्र जळतं. जखम होते, ती सडते, आणि दुखत नाही म्हणून कुणी बघत नाही. बापूंनी विष नाही जाळलं, तुमचे पाय जाळले!"

"मग माझ्यात इख नाय म्हणून मला परत का पाठवलान?" गर्दीतून शालूनं विचारलं. ती चौदांतलीच, पण तिच्या पायांत जाणीव अजून बरीच शिल्लक होती.

"परत पाठवण्याआधी बापूंनी तुझ्या पायाला काही टोचलं होतं?"

"खराट्याची काडी. मी वरडले."

"ओरडलीस म्हणून सुटलीस. आम्ही हॉस्पिटलात पायाला नायलॉनचा ताठ दोरा टोचून हेच बघतो, कुठला पाय बधिर आहे ते. बापूंनी काडीनं बघितलं. ज्याला कळलं त्याला घरी पाठवलं, ज्याला नाही कळलं त्याला खुर्चीत बसवलं!"

बापू हसले, पण त्या हसण्यात आता जोर नव्हता. "मग चाचणी का थांबवली, सांग ना! कोण मेलं?"

"कुणी नाही. चाचणीत अर्ध्यांना औषध देतात, अर्ध्यांना तश्शीच दिसणारी रिकामी गोळी. कुणाला कुठली, ते मलाही ठाऊक नसतं आणि डॉक्टरांनाही. मध्यावर बाहेरची जाणती माणसं हिशोब बघतात. दोन्हीकडचे पाय सारखेच बधिर निघाले. औषध चालत नव्हतं. जे चालत नाही ते माणसांना खायला घालायचं कशाला? म्हणून थांबवलं. आणि नामदेवकाका, आता यादी उघडलीय. तुमची गोळी रिकामी होती. बापूंनी तुमच्यातलं कुठलं विष जाळलं?"

नामदेवनं पान थुंकलं आणि आपला तळवा वळवून पाहिला. मांस दिसत होतं. तो लहान मुलासारखा रडायला लागला.

कुंदननं वाळूतल्या निखाऱ्यांत पडलेली सळई उचलली. तिचं टोक अजून लाल होतं. चौघांनी बापूंना पाडलं, एकानं त्यांचा पाय ओढून धरला. सळई तळव्यापासून वीतभर दूर होती, तेवढ्यात बापू गुरासारखे ओरडले. "नको रे! मेलो! आई गं!" माउली आठवली नाही, आईच आठवली.

"टेकव!" गर्दी ओरडत होती. मघाशी सपनाला तुडवणारे तेच गळे होते.

"थांब!" सपना कुंदनच्या हाताला लोंबकळली. "याचा पाय जिवंत आहे, ते सगळ्यांना कळलं. पुढं पोलिसांचं काम. थांब, कुंदन."

कुंदन थांबला. त्यानं सळई वाळूत फेकली.

बापूंना पोलिसांनी नेलं. नामदेवचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. त्याला तेव्हाही नीट कळलं नाही कुठं दुखतंय. हिरामावशीची टाच दोन महिन्यांनी भरली. फाटल्या ओठाचे टाके निघाल्यावर सपना पुन्हा चौदा घरी गेली, या वेळी चिठ्ठीशिवाय. प्रत्येक ओट्यावर तासभर बसली. "त्या दिवशी कागद टाकून पळाले, ती चूक माझी," असं तिनं आधी सांगितलं, मग चाचणी का थांबली ते सांगितलं. कुंदन तिच्यामागं खाली मान घालून हिंडत होता.

हिरामावशीनं सगळं ऐकून घेतलं. ती आता रोज संध्याकाळी तळव्याखाली आरसा धरून पाय बघते.

"म्हणजे त्या गोलीनं माझा पाय बरा झाला नसता?"

"नसता, मावशे."

"नि ते त्यांनी आपल्या तोंडानं कबूल केलान?"

"हो."

मावशीनं आरसा पुसून बाजूला ठेवला. "मग त्यांच्याकडं परत जाऊ. बापूनं चुकलो म्हणून कधी म्हटलान होतं?"

तुमच्या गावातही कुणीतरी शेगडी घेऊन येईल. त्याच्या पाया पडण्याआधी त्याला एवढंच विचारा: किती जणांना हे दिलंस, त्यातले किती बरे झाले, आणि उपयोग होत नाही असं दिसलं तर थांबशील का? त्याला राग आला, तर आपला पाय मागं घ्या.