पेरूची पिवळी पानं

आश्विनात कवठे येमाईला पान गळत नाही. पाऊस नुकताच सरलेला असतो, झाडं हिरवीगार असतात. पानगळ यायची ती माघ-फाल्गुनात. हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. कळत नव्हतं ते संस्थेच्या पुण्यातल्या हेड ऑफिसला. उंटावरून शेळ्या हाकणारी मंडळी ती! त्यांनी आपल्या सगळ्या बालवर्गांना 'ऑटम वीक', म्हणजे पानगळीचा आठवडा, लावून दिला. गुरुवारी मुलांनी गळलेली पिवळी पानं आणायची, चार्टवर चिकटवायची आणि बाराच्या आत फोटो ग्रुपवर.

कवठ्याच्या बालवर्गाची दीक्षा मॅडम तरी काय करणार? फोटो उशिरा गेले म्हणून तिला दोनदा तंबी मिळाली होती. तिसऱ्या वेळी घरीच बसवणार होते. सोमवारी तिनं प्रत्येकाच्या डायरीत लिहिलं, 'पिवळी पानं आणणे कम्पल्सरी.' मंगळवारी पाच वर्षांची प्रांजल पेरूचं हिरवं पान घेऊन आली, तेव्हा तिनं ते परत पाठवलं. "असलं नको गं. पिवळंच आण."

गुरुवारी बाकीच्या पोरांनी हिरव्या पानांना पिवळा खडू फासून आणला होता. प्रांजलनं मात्र पिशवीभर पिवळीधमक पानं आणली, कडेनं जरा करपलेली. दीक्षाचा जीव भांड्यात पडला. देठ हिरवे होते, पानं ओलसर होती. तिला ते दिसलं. दिसूनही तिनं विचारलं नाही, कारण चार्ट फार छान दिसत होता.

फोटो गेला आणि प्रांजल ओकली. ओठ लालभडक झाले होते. "मॅडम, तोंड भाजतंय," म्हणत ती रडायला लागली.

मदतनीस मालनबाईंनी तिचे हात-तोंड खळाखळा धुतले. "पान चघळत बसली व्हती ओ मघाशी," त्या म्हणाल्या. पोरीला कडेवर घेऊन दीक्षा रस्त्यावर धावली आणि मिळेल त्या गाडीनं तिनं शिरूरचा दवाखाना गाठला.

प्रांजलचे आजोबा सोपानराव मागोमाग पोचले. डॉक्टर बाहेर आले. "पानांवर काही मारलं होतं का? कुठलं औषध ते कळल्याशिवाय आम्ही नुसते अंधारात चाचपडतोय."

"न्हाई ओ. झाडाखाली पडल्याली, तीच येचली," सोपानराव म्हणाले. नजर फरशीवर होती.

दीक्षानं त्यांच्याकडे पाहिलं. म्हातारा भ्याला होता. तीही भ्यालीच होती. हेड ऑफिसचा फोन मघाशीच येऊन गेला होता. पानं मुलांनी आपणहून आणली असं सांगा, म्हणाले होते. तसं सांगितलं की तिची नोकरी राहत होती. आत प्रांजल पुन्हा ओकल्याचा आवाज आला.

"डॉक्टर, पानं मी मागितली," दीक्षा म्हणाली. "कम्पल्सरी लिहिलं होतं मी. आबांचा काही दोष नाही. आबा, तुमच्या पाया पडते, काय मारलं ते सांगा."

म्हातारा खालीच बसला. "तणनाशक. मंगळवारी फांदीवर मारलं. आन् आज सकाळी वाईच परत, चांगली पिवळी व्हावीत म्हणून. म्या धुतली व्हती ओ पानं. हापशावर धुतली व्हती."

आबांच्या घरी फोन लावून औषधाच्या डब्याचा फोटो मागवला. डॉक्टरांनी तो मोठा करून वाचला आणि ते आत पळाले. बऱ्याच वेळानं परत आले. "पुण्याला हलवावं लागेल. आठवडाभर तरी काही सांगता येणार नाही."

ॲम्ब्युलन्सची वाट पाहत दोघं पायरीवर बसली. दीक्षाला रडायचीही लाज वाटत होती. सोपानरावांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि डायरीचं ते पान बाहेर काढलं. घडी घालून जपून ठेवलं होतं.

"मला वाचता येत न्हाई. पोरगीच म्हणली, हिरवं न्हेलं तर मॅडम घेत न्हाईत." त्यांनी ते पान तिच्यापुढे धरलं. "खरंच घेतलं नसतं का ओ, मॅडम?"