तळं ओलांडताना

गाडीवाल्या दागवाने लोखंडी पहार बर्फावर आपटली आणि वाकून कान दिला. आणखी दोन ठिकाणी आपटली. मग तो गाडीकडे परत आला तेव्हा त्याच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या.

"मावशी, गाडी इथून पुढे जायची नाही," तो म्हणाला. "कालपासून मोठी भेग पडलीय. माणूस फळी टाकून जाईल. गाडी नाही."

खोरलोने काचेवरची वाफ लोकरी हातमोज्याने पुसली. खुव्सगुलचं गोठलेलं तळं इथे अरुंद होतं. पलीकडे झाडांच्या काळ्या रेघेखाली धूर दिसत होता. चालत तासा-दीड तासाची वाट. पण वारा उत्तरेकडून उठला होता आणि भुरभुरीत बर्फ पायांच्या उंचीवरून सरपटत चालला होता.

"परत जाऊ या," मागच्या सीटवरून नोमिन म्हणाली. "वसंतात बघू."

फारच पटकन म्हणाली ती.

नोमिन खोरलोची सून. खोरलोचा एकुलता मुलगा तुमेन तीन हिवाळ्यांपूर्वी हरवलेले घोडे शोधायला गेला तो वादळात सापडून दगावला. नोमिन तेव्हा चोवीस वर्षांची होती. माहेरचं कोणी उरलं नव्हतं, म्हणून ती सासूपाशीच राहिली, आणि मग ते 'म्हणून' कधी गळून पडलं ते दोघींनाही कळलं नाही. गेल्या वर्षी पलीकडच्या काठावरचा गुरांचा डॉक्टर झोरिग मेंढ्यांना लस टोचायला आला. काम संपल्यावरही चहा निवेपर्यंत बसला. नोमिनही बसली. खोरलोनेच पुढे त्याच्या आईला निरोप धाडला. नोमिनला तिकडे पोचवायचा दिवस दोनदा ठरला. एकदा करडांचा हंगाम आडवा आला, एकदा खोरलोचा गुडघा.

आज परतलो तर वसंतात तिसरं काहीतरी निघेल, हे खोरलोला माहीत होतं. आणि ते आपल्याच तोंडून निघेल, हेही.

तिने दार उघडलं. "उतर," ती म्हणाली.

दागवाने फळी टाकली, दोघींना हात धरून पलीकडे नेलं, आणि दुपारपर्यंत इथेच थांबतो असं सांगितलं. नोमिनने कमरेचा लांब पट्टा सोडला, एक टोक सासूच्या कमरेला बांधलं, दुसरं आपल्या. नव्या घरी जायला शिवलेला निळा रेशमी पट्टा होता तो.

अर्ध्या वाटेवर वाऱ्याने समोरचा काठ पुसून टाकला. दोघी पाठ फिरवून, एकमेकींना टेकून उभ्या राहिल्या. पायांखाली बर्फ कण्हल्यासारखा वाजला आणि तो आवाज दूर पळत गेला.

"शरदात माझा गुडघा दुखत नव्हता," खोरलो म्हणाली.

"ठाऊक आहे. बकरीमागे धावताना बघितलं होतं तुम्हाला."

"मग गेली का नाहीस?"

नोमिनने सासूच्या गालावरचं हिव आपल्या हातमोज्याने पुसलं.

"करडं नऊच होती, आई. मी झोरिगच्या घरी चाळीस कळवली होती."

खोरलोला हसू आलं, पण गाल गोठल्यामुळे ते तोंडावर उमटेना. तिने पट्ट्याला हलकाच हिसका दिला, आणि वारा जरा पडताच दोघी पुन्हा चालू लागल्या. आता पुढे खोरलो होती.

काठ जवळ आला तेव्हा झोरिग घोड्याची घसरगाडी घेऊन समोरून आला. त्याने आधी म्हातारीला उचलून आत बसवलं, पायांवर कातडं पांघरलं, आणि मग नोमिनकडे बघून घोड्याचाच लगाम नीट करत बसला. खोरलोला तो त्या क्षणी आवडला.

तंबूत चूल लालबुंद होती. झोरिगची आई जुन्या वळणाची. पाहुणे उंबऱ्याच्या आत आले तशी ती उठून उभी राहिली आणि तिने रीतीप्रमाणे विचारलं,

"कुणाची लेक घेऊन आलात?"

याचं उत्तर खोरलोने घरून घोकून आणलं होतं. नोमिनच्या बापाचं नाव, त्याचं कुळ, तो कुठल्या खोऱ्यातला, सगळं ओळीने. शेवटी, ही माझ्या मुलाची विधवा, असंही सांगायचं होतं, कारण लपवाछपवी नको. तिने तोंड उघडलं. पट्टा अजून दोघींच्या कमरेला तसाच होता. सोडायचं कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

"माझी," खोरलो म्हणाली.

झोरिगच्या आईने क्षणभर वाट पाहिली. पुढे काही येत नाही असं बघून तिने दुधाळ चहाची वाटी दोन्ही हातांनी उचलली, आणि नवरीच्या आईला द्यायची असते तशी, आधी खोरलोपुढे धरली.