त्रेचाळिसावी बंदूक

आमच्या डोंगरात बंदुकीशिवाय घर नाही. पण एका घरात किती असाव्यात, हे कुणी शिकवत नाही. कारखान्यातून निवृत्त झाल्यावर माझ्या नवऱ्यानं, राशोनं, बैठकीची भिंत सजवायला घेतली. आधी आजोबांची लांब नळीची, मग तुर्की, मग ऑस्ट्रियन, इटालियन, जर्मन. वीस झाल्यावर मी म्हटलं, "आता पुरे." तो म्हणाला, "एवढी एक घेतो, मग बस." हे वाक्य मी त्यानंतर बावीस वेळा ऐकलं. अति तिथं माती हे त्यालाही कळत होतं, पण नेहमी दुसऱ्याच्या बाबतीत.

बेचाळिसावं आलं ते एक जडशीळ जुनं रिव्हॉल्व्हर. हस्तिदंती मुठीवर चांदीच्या अक्षरांत नाव होतं, टोडोर शुंडिच.

शुंडिच पलीकडच्या खोऱ्यातले. साठ वर्षांपूर्वी भर बाजारात टोडोरच्या कमरेचं हे रिव्हॉल्व्हर कुणीतरी हिसकावलं आणि त्याला जिवंत सोडलं. आमच्याकडे मेलेल्याची बंदूक गेली तर घर रडतं. जिवंत माणसाची गेली तर घराला तोंड दाखवायला जागा राहत नाही. टोडोर पुन्हा बाजारात दिसला नाही, चर्चमध्येही नाही. घरचे सांगत, रिव्हॉल्व्हर नदीत पडलं. लोक मान डोलवत आणि मनातून हसत. राशोलाही सगळं ठाऊक होतं.

"दुसऱ्याची बेअब्रू खिळ्याला टांगतोस?" मी विचारलं.

"विकत घेतलंय, चोरलं नाही. आणि नाव आहे म्हणून तर मोलाचं. नाव नसतं तर भंगार."

त्यानं ते भिंतीच्या मधोमध टांगलं.

डिसेंबरात आमच्या घराण्याच्या संताचा, निकोलाचा, दिवस आला. त्या दिवशी कुणाला बोलवायचं नसतं. जो येईल तो पाहुणा, आणि आलेल्याला जा म्हणता येत नाही. उपासाचे दिवस म्हणून मी मासे आणि घेवडा केला होता. ऐन जेवणात टोडोरचा मुलगा, म्हातारा मिलेता, नातवाला घेऊन दारात उभा राहिला. त्याच्या कानावर गेलं असणार. रिकामी जागा नेमकी भिंतीसमोरच होती. बसला आणि वर बघत राहिला. राशोनं त्याच्या पेल्यात राकिया, घरची फळांची दारू, ओतली.

"किती झाल्या रे?" मिलेतानं विचारलं.

"बेचाळीस," राशो फुशारून म्हणाला.

"आणि मुलगे किती?"

"एक. हा काय, बोगिच."

"एकच," मिलेता म्हणाला. भरला पेला तसाच ठेवून तो उठला. ताटालाही हात लावला नव्हता. जाताना मला म्हणाला, "मासा छान दिसतोय, सूनबाई." आमच्याकडे संताच्या दिवशी जो अन्नाला शिवत नाही, त्यानं वैर मांडलं असं समजतात.

बोगिच पावाची गाडी चालवायचा, शुंडिचांच्या खोऱ्यातूनच. दुसऱ्या दिवसापासून मिलेताचा नातू विदाक रोज सकाळी घाटाच्या वळणावर उभा राहू लागला. बोलणं नाही, हात हलवणं नाही. गाडी जाईपर्यंत नुसता बघायचा. पाचव्या दिवशी तिथल्या दुकानानं पाव घेणं बंद केलं.

"परत दे," मी राशोला म्हटलं.

"दिलं तर लोक म्हणतील, राशो घाबरला."

"आणि नाही दिलं तर?"

तो उठून भिंतीवरच्या नळ्या पुसायला लागला. दोन दिवसांनी नवी बंदूक आणली, काळी, आखूड, भिंतीवर न टांगण्याची. भरून दारामागं ठेवली. "ही शेवटची, रक्षणाला," म्हणाला. एकेचाळीस होत्या तेव्हा आम्हाला रक्षणाची गरज नव्हती.

वैरात बाईमाणसावर कुणी हात टाकत नाही. मी रिव्हॉल्व्हर टॉवेलात गुंडाळून शुंडिचांकडे गेले. त्यांनी कॉफी दिली. मिलेतानं टॉवेल उघडून पाहिला, पण आत हात घातला नाही.

"मी दहा वर्षांचा होतो. बापाचं बोट धरून उभा होतो," तो म्हणाला. "बाजारात गेलं, तर बाजारातच येऊ दे. तुझ्या घरच्या पुरुषानं द्यावं, मूठ माझ्याकडे करून. मग वैर संपलं."

राशोला सांगितलं तर म्हणाला, "मूठ पुढं करू? मी?" पालथ्या घड्यावर पाणी. त्यानं रिव्हॉल्व्हर परत खिळ्याला लावलं.

बोगिच ऐकत होता. मागाहून स्वयंपाकघरात येऊन म्हणाला, "मी देतो, आई. मीही या घरचा पुरुषच आहे की, का अजून पाळण्यातच धरतेस? फक्त बाबांना सांगू नकोस. अडवतील."

शनिवारी, बाजाराच्या दिवशी, राशो शेळ्यांकडे गेल्यावर बोगिचनं रिव्हॉल्व्हर कोटाखाली घेतलं. परत आल्यावर राशोनं अंगणातूनच विचारलं, पोरगा कुठाय, तेव्हा मी सांगितलं, "पाव घेऊन गेलाय." आणि मीठ आणायचं निमित्त करून मीही बस धरली.

बाजारात बोगिचनं टोपी काढली आणि मूठ मिलेताकडे केली. म्हाताऱ्यानं दोन्ही हातांनी रिव्हॉल्व्हर घेतलं, बापाच्या नावावर ओठ टेकले आणि माझ्या पोराला तीनदा मिठी मारली. विदाकनं त्याला सिगारेट दिली. भाजीवाल्यांनीही टोप्या काढल्या. इतक्या दिवसांत मी पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला.

तेवढ्यात वरच्या रस्त्यानं राशोची गाडी आली. त्यानं घरात रिकामा खिळा पाहिला होता. त्याला वाटलं, आपण जिवंत असताना शुंडिचांनी आपल्या घरातून बंदूक नेली. आणि समोर ती मिलेताच्या हातात होती.

"आपणच दिलीय, राशो!" मी ओरडले. त्यानं दारामागची बंदूक मिलेतावर रोखली, तसा बोगिच दोन्ही हात पसरून म्हाताऱ्यापुढं उभा राहिला. नव्या बंदुकीचा घोडा फार हलका होता. राशोनं ती एकदाही चालवून पाहिली नव्हती.

बोगिचला मिलेता आणि विदाक यांनी उचलून गाडीत घातलं. दवाखाना येईपर्यंत तो गेला होता.

राशो तुरुंगात आहे. लोक मला म्हणतात, तुझा काय दोष, नवऱ्याचं वेडच ते. पण त्या सकाळी त्यानं विचारलं होतं, पोरगा कुठाय. खरं सांगितलं असतं, तर त्यानं बोगिचला अडवलं असतं. तो अडवेल म्हणूनच मी खोटं बोलले.