डबा खाल्ला होता का त्यांनी?

ताईच्या नावाचं आज नाट्यगृह आहे, पण मला ती आठवते हातात तबक घेतलेली. कित्येक वर्षं तिचं काम एवढंच होतं. तबक घेऊन यायचं, "बाईसाहेब, पाहुणे आलेत" म्हणायचं आणि आत जायचं. दिग्दर्शक तोंडावर म्हणायचे, "चेहरा लाखात एक आहे गं, पण आत सगळा शुकशुकाट." ती घरी येऊन त्यांची नक्कल करायची आणि आम्ही पोट धरून हसायचो.

माझे यजमान छापखान्यात होते. एका दुपारी त्यांचा फोरमन दारात आला. "वहिनी, ते गेले. मशीनपाशीच कोसळले."

मी भांडी घासत होते. नळ बंद केला. फडक्याला एकेक बोट पुसलं आणि विचारलं, "डबा खाल्ला होता का त्यांनी?"

सकाळी आमचं भांडण झालं होतं. ते रागाने तसेच निघाले, तेव्हा मी जिन्यात धावत जाऊन डबा त्यांच्या हातात कोंबला होता. मला तेवढंच कळायला हवं होतं. फोरमनने सोबत आणलेला डबा ओट्यावर ठेवला. तो भरलेलाच होता.

ताई तेव्हा माझ्याकडे आलेली होती, माझ्यामागेच उभी होती. नंतर महिनाभर राहिली. माझी वेणी घातली, मला घास भरवले. बहीण असावी तर अशी, लोक म्हणायचे.

पुढच्या वर्षी तिला पहिली मोठी भूमिका मिळाली. मला तिने पहिल्या रांगेत बसवलं. दुसऱ्या अंकात निरोप्या आला. ताईने नळ बंद केला, एकेक बोट पुसलं आणि विचारलं. सगळं नाट्यगृह हुंदके देऊ लागलं. शेजारच्या बाईने मला रुमाल दिला. "काय जिवंत काम करते हो!"

मी रंगपटात गेले. "ताई, ते माझं होतं."

ती आरशासमोर रंग पुसत होती. "तुझं एकटीचं कसं? कुठलीही बाई असंच विचारेल."

"कुठलीही नाही. मी विचारलं होतं."

"चिमे, तू एकदा विचारलंस. मला रोज विचारायचंय."

मग सिनेमा आला, पारितोषिकं आली. मुलाखतीत ती सांगायची, लेखकाने पानभर रडणं लिहिलं होतं, ते काढून हे वाक्य मी घातलं, मला आतूनच सुचलं. ते वाक्य जिकडेतिकडे झालं. ऑफिसात कुणाची नोकरी गेली की मागून कुणीतरी हमखास म्हणायचं, "डबा खाल्ला होता का त्यांनी?" आणि हशा पिकायचा. डबे विकणाऱ्या एका कंपनीने जाहिरात केली. ताई त्यात डबा हातात घेऊन हसत होती.

मी तिच्याकडे कधी काही मागितलं नाही. फक्त म्हणत राहिले, एकदा चारचौघांत सांग, हे माझ्या बहिणीचं आहे. तिच्या पंचाहत्तरीला म्हणाली, "या वेळी नक्की सांगते गं." मी नवी साडी नेसून गेले. भाषणात तिने केशभूषा करणारीचेसुद्धा आभार मानले. मग कुणीतरी फर्माईश केली आणि तिने ते वाक्य म्हणून दाखवलं. टाळ्या थांबेनात. शेजारचे वाजवताहेत म्हणून मीही वाजवल्या.

परवा सकाळी भाच्याचा फोन आला. मी भांडीच घासत होते. नळ बंद केला, हात पुसले.

"मावशी, आई गेली गं. आत्ताच."

आदल्या दिवशी मी तिला भेटायला गेले होते, तेव्हा तिने पेजेची वाटी दूर लोटली होती. तेच मनात होतं.

"सकाळी काही खाल्लं होतं का रे तिने?"

भाचा म्हणाला, "मावशी, निदान आज तरी आईची नक्कल करू नकोस."