मागच्या उजव्या शॉकअपची कैफियत

मित्रांनो, शर्यतीच्या गाडीमागे गुडघे टेकून, मान वाकडी करून उजव्या चाकाच्या आत डोकावलात, तर स्प्रिंगमध्ये गुरफटलेला, रंग उडालेला, हातभर लांबीचा एक म्हातारा दिसेल. तोच मी. मला शॉकअप म्हणतात. कारखान्यात ठेवलेले नाव शॉक अ‍ॅब्सॉर्बर असे आहे, पण ते गॅरेजमध्ये कुणाच्या तोंडात नीट बसत नाही, आणि आता मीही त्याबद्दल तक्रार करत नाही.

माझे काम सांगायला सोपे आहे. गाडीचे वजन स्प्रिंग पेलते. पण ही स्प्रिंग मुळातच उतावळी. दबली की उसळते, उसळली की पुन्हा दबते, आणि कुठे थांबावे हे तिला कधीच कळत नाही. तिला आवरण्याचे काम माझे. माझ्या पोटात तेल आहे आणि त्या तेलातून एक दांडा वरखाली होतो, एवढ्या भांडवलावर मी तिला सांभाळत आलो आहे. संसार म्हणा हवे तर.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. जन्मल्याबरोबर एका यंत्राने मला हजार वेळा दाबले आणि हजार वेळा ओढले. लाड वगैरे काही नाही. मग चष्मा लावलेल्या एका बाईंनी माझ्यावर शिक्का मारला आणि मला एका खोक्यात ठेवले. शेजारी माझा जुळा भाऊ होता. खोके उघडले ते थेट मिस्त्रींच्या गॅरेजमध्ये. भाऊ डाव्या चाकाला गेला, मी उजव्या. त्या दिवसापासून आम्ही दोघे एकाच गाडीत राहतो, पण भेट अशी नाहीच.

आमची गाडी ड्रॅग रेसची. ही शर्यत समजायला अगदी सोपी. सरळ रस्ता, चारशे मीटर, दोन गाड्या शेजारी शेजारी. हिरवा दिवा लागला की सुटायचे आणि पलीकडच्या रेषेवर पोचायचे. वळण नाही, चढ नाही, उतार नाही. ऐकणाऱ्याला वाटते, यात काय मोठेसे? मात्र गाडी सुटते तेव्हा तिचे सगळे ओझे मागे येऊन आदळते, आणि मागे आम्ही दोघे भाऊ असतो. आमच्यापैकी एकावर जास्त आणि एकावर कमी ओझे आले, तर गाडी सरळ जात नाही. ती भिंतीची चौकशी करायला निघते.

त्या काळी गाडी स्वतः मिस्त्री चालवत. अंगाने सडपातळ, मिशी काळी, आणि बोलणे कमी. शर्यतीच्या आदल्या दिवशी ते चारी चाकांखाली चार वजनकाटे ठेवत आणि स्वतः ड्रायव्हरच्या जागी, म्हणजे उजव्या बाजूला, जाऊन बसत. त्यांचा मेव्हणा खाली वाकून माझ्या स्प्रिंगखालची आट्यांची चकती फिरवी. चकती वर गेली की माझ्या बाजूचे वजन वाढते, खाली आली की कमी होते. मागच्या दोन्ही काट्यांवर सारखा आकडा आला की मिस्त्री म्हणत, "झालं." दुसऱ्या दिवशी गाडी दोरी लावल्यासारखी सरळ जाई. परत आल्यावर ते मागे येऊन माझ्या अंगावर थाप मारत. डाव्यालाही मारत, पण मला आधी.

गॅरेजच्या भिंतीवर दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे खडूने लिहिलेला मिस्त्रींचा नियम: 'एका वेळी एकच बदल.' गाडीत काही बिघडले तर चार गोष्टी एकदम बदलायच्या नाहीत, नाहीतर कशाने सुधारले ते कळत नाही. दुसरी म्हणजे गाडीच्या मापांचा एक कागद. त्यात एक ओळ होती, 'ड्रायव्हर ७० किलो'. हा कागद पहिल्या वर्षीचा. त्यानंतर मिस्त्रींच्या मिशीत आणि पोटात बरेच फरक पडले, कागदात काही पडला नाही.

पुढे मिस्त्रींचा गुडघा बिघडला. शर्यतीच्या गाडीचा क्लच दाबणे त्यांना जमेना. तेव्हा त्यांची लेक गाडीत बसली. ती आठवडाभर चष्म्याच्या दुकानात लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढते आणि रविवारी शर्यत करते. अंगाने काडी, पण पाय पोलादी. आणि मित्रांनो, खरे दुर्दैव इथून सुरू झाले. ती बसायला लागली आणि गाडी उजवीकडे पळायला लागली.

आधी थोडीशी. मग चांगलीच. या वर्षी एका रविवारी हिरवा दिवा लागला, गाडी सुटली, पन्नास मीटरवर तिने शेपूट हलवले आणि उजव्या भिंतीपासून हातभर अंतरावर जाऊन थांबली. लेक उतरली, तिने हेल्मेट काढले आणि ती शांतपणे पाणी प्यायली. पण मिस्त्रींची बायको त्या दिवशी बघायला आली होती. या बाई कपडे शिवतात. गळ्यात मापाची टेप कायम, शर्यतीलासुद्धा.

"महिनाअखेरीच्या शर्यतीपर्यंत गाडी सरळ झाली तर ठीक," बाई म्हणाल्या. "नाही झाली तर पोरगी तिच्यात बसणार नाही. आणि सराव करायचा तर अर्ध्याच अंतराचा. गाडी हलली की पाय काढायचा."

"आई, महिनाअखेरीला शेवटची शर्यत आहे," लेक म्हणाली. "वर्षभर तिच्यासाठी धडपडतेय मी."

"म्हणूनच महिना दिला."

मिस्त्रींनी मान डोलावली. त्या घरात बाईंचे माप चुकत नाही आणि शब्द उसवत नाही, हे ते जाणून होते.

मग शोध सुरू झाला. पहिल्या आठवड्यात टायरची हवा तपासली. दोन्हीकडे सारखी. मागचा एकूण एक बोल्ट आवळला. मामाने, म्हणजे त्या मेव्हण्याने, पहार घालून सांध्यांतला प्रत्येक रबरी बुश हलवून पाहिला. हा मामा वेल्डर आहे. त्याला कोणताही आजार सांगा, औषध एकच.

"दाजी, इथं एक पट्टी जोडू का?"

"कशाला?"

"असू दे. मजबुती."

पट्टी जोडली नाही, हे माझे नशीब. रविवारी सराव झाला. गाडी उजवीकडे.

आणि हे सगळे चालू असताना, मित्रांनो, मला उत्तर माहीत होते. अगदी पहिल्या दिवसापासून. शनिवारी मिस्त्री गाडीत बसले की मी दोन बोटे खाली जातो. रविवारी लेक बसली की जेमतेम नखभर. ज्याच्यासाठी चकती फिरवली तो माणूस वेगळा आणि गाडी घेऊन सुटतो तो माणूस वेगळा. लेक बसली की माझ्या बाजूचे वजन हलके पडते, डाव्याची पकड जास्त होते आणि तो गाडीला उजवीकडे ढकलून देतो. त्याची काही चूक नाही. पण सांगणार कसे? मला पोट आहे, तोंड नाही.

वजनकाट्यांना एक डबा जोडलेला असतो. त्यावर चारी चाकांचे चार आकडे दिसतात आणि खाली एकूण वजन. त्या एकूण वजनावर मिस्त्री नेहमी फडके टाकून ठेवत. "उन्हानं आकडे दिसत नाहीत," असे त्यांचे म्हणणे. गॅरेजला छप्पर आहे.

दुसऱ्या आठवड्यात संशय आम्हा भावांवर आला. मिस्त्री हुशार माणूस. त्यांनी आम्हाला काढून आमची अदलाबदल केली. दोष माझ्यात असेल तर तो माझ्याबरोबर डावीकडे जाईल आणि गाडी डावीकडे पळेल. युक्ती बिनतोड होती. सारे आयुष्य उजवीकडे काढून मी प्रथमच डावीकडचे जग पाहिले. तिथे सायलेन्सरची धग फार. नंतर मिस्त्री गाडीत बसले, मामाने चकत्या फिरवल्या, मागचे आकडे सारखे केले. रविवारी गाडी पुन्हा उजवीकडे.

म्हणजे मी निर्दोष. मला वाटले, आता तरी सुटका होईल. पण त्याच वेळी मामाच्या हातातल्या तेलाच्या डब्यातून एक थेंब माझ्या अंगावर पडला. मामाने तो बोटाने पुसला, वास घेतला आणि डॉक्टरसारखा चेहरा केला.

"दाजी, हा गळतोय."

"आणि तो?"

"तोही याचाच जुळा आहे. आज ना उद्या गळणारच."

झाले. स्वतःच्या डब्यातले तेल त्याला ओळखू आले नाही, आणि आम्हा दोघांची रवानगी भंगाराच्या पेटीत झाली. आमच्या जागी नवी जोडी आली. लाल रंग, चमकणारी टोपी, वर फिरवायच्या बटणांची ऐट. पेटीत माझ्या एका बाजूला गंजलेली साखळी होती आणि दुसऱ्या बाजूला भाऊ. इतक्या वर्षांनी आम्ही शेजारी आलो ते असे. मला फार वाईट वाटले. दोष लागला याचे एक वेळ ठीक, पण थाप मारणारा तोच हात पेटीत टाकताना जराही थबकला नाही, हे मनाला लागले.

महिनाअखेर आली. शर्यतीच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, लेकीने रजा घेऊन नव्या जोडीवर सराव केला. गाडी उजवीकडे. दुपारी सगळे गॅरेजमध्ये परतले. लेक एका उलट्या डब्यावर बसून चहा पीत होती. मामा वेल्डिंगच्या यंत्राकडे आशेने पाहत होता. मिस्त्रींनी काटे मांडले, एकूण आकड्यावर फडके टाकले आणि सवयीप्रमाणे गाडीत जाऊन बसले. लेकीने खिडकीतून त्यांना चहाचा कप दिला. चूक कुणाच्याच लक्षात आली नाही.

एवढ्यात बाई आल्या. हातात जेवणाचा डबा, गळ्यात टेप. दारातच थांबून त्यांनी एकदा नवऱ्याकडे पाहिले, एकदा लेकीकडे.

"हे काय चाललंय?"

"माप घेतोय," आतून मिस्त्री म्हणाले. "ड्रायव्हरचं वजन धरून चाकं जुळवायची असतात. तुला नाही कळायचं त्यातलं."

"ड्रायव्हर कोण आहे?"

"आता हे काय विचारणं झालं? ही."

"मग ती इथं डब्यावर बसून चहा पितेय आणि माप तुमचं घेताय होय?" बाई म्हणाल्या. "नवऱ्याचं माप घेऊन मी बायकोचा ब्लाऊज शिवला तर उद्या दुकानावर कोणी येईल का?"

मामाने तोंडातला चहा तसाच धरून ठेवला.

बाईंनी फडके उचलले. "उतरा बरं." मिस्त्री उतरले, एकूण आकडा धाडकन खाली आला. बाईंनी वजाबाकी केली. "शहाण्णव."

"काट्यात बिघाड असेल, ताई," मामा बहिणीला म्हणाला. भिंतीवरच्या सत्तरकडे पाहायचे त्याने टाळले.

"तू बस गं," बाई लेकीला म्हणाल्या. लेक बसली. एक्कावन्न.

लेकीने आतून बापाकडे पाहिले. रागावलेली नव्हती, हसूही दाबत नव्हती. "बाबा, मी दुकानात असते म्हणून तुम्ही बसता, हे ठीक. पण आज मी समोर होते. मलाही सुचलं नाही म्हणा. पण तुम्हाला?"

मिस्त्री बाईंनी बाजूला टाकलेले फडके उचलून त्याची घडी घालू लागले. घातली की मोडत, पुन्हा घालत.

"बसायला मिळतं गं," शेवटी ते म्हणाले. "आठवड्यातून तेवढंच. क्लच दाबता येत नाही, पण स्टिअरिंग धरता येतं."

बाईंनी जेवणाचा डबा बॉनेटवर ठेवला आणि टेप गळ्यात नीट केली.

मग लेक कामाला लागली. तिने भिंतीकडे बोट दाखवले. "तुमचाच नियम आहे. एका वेळी एकच बदल. हे नवे शॉकअप काढा, जुने घाला. माप तेवढं बदलू. नाहीतर उद्या सरळ गेली तर श्रेय या लाल जोडीला मिळेल."

मित्रांनो, माझे डोळे भरून आले असते, पण तेल गळले की काय होते हे मी एकदा अनुभवले होते. मी कोरडा राहिलो. आम्हाला पेटीतून काढले, पुसले, मी पुन्हा उजवीकडे आलो. लेक आत बसली आणि मामाने माझी चकती वर घ्यायला सुरुवात केली. एक फेरा, दोन, तीन, साडेतीन. मागचे आकडे जुळले. "झालं," लेक म्हणाली. अगदी बापासारखे.

रविवारी सकाळी आधी अर्ध्या अंतराचा सराव. बाई भिंतीपाशी उभ्या, टेप मुठीत आवळलेली. हिरवा दिवा लागला. सगळे ओझे मागे येऊन आदळले, आणि त्यातले बरोबर निम्मे माझ्या वाट्याला आले. स्प्रिंग दबली, उसळू पाहत होती, मी तिला आवरले. पलीकडे भावानेही आवरले असावे. गाडी सरळ गेली. भिंतीला आमची चाहूलसुद्धा लागली नाही.

बाईंनी टेप पुन्हा गळ्यात घातली. "बस तू," एवढेच म्हणाल्या.

शर्यत आम्ही तिसऱ्या फेरीत हरलो. हरवणारी गाडी आमच्यापेक्षा जोरदार होती, त्यात कुणाचाही दोष नव्हता, आणि मामानेही कुठे पट्टी सुचवली नाही. सोमवारी मिस्त्रींनी भिंतीवरच्या कागदातला सत्तर खोडला आणि तिथे एक्कावन्न लिहिले. त्याखाली, कुणी सांगितले नसताना, बारीक अक्षरात लिहिले: 'मिस्त्री ९६'.

तर मित्रांनो, तुमच्या घरच्या गाडीलाही आमच्यासारखे दोघे चौघे असतील. कधीतरी वाकून त्यांना पुसा, आणि अंगावर तेल दिसले तर ते कुणाच्या डब्यातले आहे हे आधी पाहा. काही वाकडे चालले की सगळ्यात जुन्याला भंगारात काढायची घाई करू नका. आणि माप घ्याल तेव्हा ज्याचे हवे त्याचेच घ्या, काट्यावर फडके न टाकता.

आता शनिवारी काट्यांवर लेक बसते. काम संपले की ती उतरते, चाव्या गाडीतच ठेवते आणि आईला मदत करायला जाते म्हणून सांगून निघून जाते. मामाही काहीतरी आणायला बाहेर पडतो. मग दार हळूच उघडते, मिस्त्री आत बसतात आणि स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवतात. मी दोन बोटे खाली जातो, आणि ते उठेपर्यंत तसाच राहतो.